तुमचे प्रश्न : फोननला स्पिन दिसतच नाही, मग फरक कशाचा पडतो?

मागच्या अंकात बिस्मथ सेलेनाइडबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. त्याच्या आतून करंट जात नाही (म्हणजे जाऊ नये, खऱ्या क्रिस्टलमध्ये थोडाफार जातोच), पृष्ठभागावरून मात्र जातो, आणि तिथल्या इलेक्ट्रॉनला सरळ मागे वळता येत नाही, एवढंच सांगितलं होतं. शेवटी एक ओळ टाकली होती की स्पिनमुळे (प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू छोटी चुंबकसुई असतो, तिचा रोख म्हणजे स्पिन) तिथलं इलेक्ट्रॉन-फोनन कपलिंग, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि जालकाची कंपनं एकमेकांना किती धक्के देतात ते, बदलतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : मी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी शिकवलं की फोनन म्हणजे जालकाचं कंपन, त्यात चुंबकीय असं काही नाही, त्यामुळे तो इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटवू शकत नाही. तुम्ही म्हणता स्पिनमुळे कपलिंग बदलतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल? (सांगलीहून एक विद्यार्थिनी)

दोन्ही खरं आहे, आणि गंमत म्हणजे सरांच्या वाक्यातूनच माझं वाक्य निघतं. फोनन स्पिन उलटवू शकत नाही म्हणूनच स्पिनमुळे फरक पडतो.

बघा, फोनन काय करतो, तर एका दिशेने चाललेल्या इलेक्ट्रॉनला धक्का मारून दुसऱ्या दिशेला लावतो, थोडी ऊर्जा देतो किंवा घेतो. पण त्या दुसऱ्या दिशेला जागा रिकामी पाहिजे, आणि ती जागा इलेक्ट्रॉनच्या आहे त्याच स्पिनची पाहिजे. एसटीत सीट रिकामी दिसते पण वर 'राखीव' लिहिलेलं असतं ना, तसं. तांब्याच्या तारेत ही अडचण कधी येतच नाही कारण प्रत्येक दिशेला दोन्ही स्पिनच्या सीटा असतात, कुठेही ढकला, आपल्या स्पिनची एक सापडतेच, म्हणून पुस्तकात तांब्याचा रोध काढताना स्पिनचं नावही निघत नाही. बिस्मथ सेलेनाइडच्या पृष्ठभागावर मात्र प्रत्येक दिशेला एकच सीट आहे आणि तिचा स्पिन ठरलेला आहे.

हे वाचून कळणार नाही, कागद घ्या. एक वाटी उपडी ठेवून पेन्सिलीने गोल काढा आणि घड्याळासारखे बारा आकडे टाका. मधल्या बिंदूपासून आकड्याकडे जाणारी दिशा म्हणजे इलेक्ट्रॉन चाललाय ती दिशा, आणि गोल जितका मोठा तितका त्याचा मोमेंटम (संवेग) जास्त. आता प्रत्येक आकड्यावर गोलाला चिकटून, काटे फिरतात त्या दिशेने एक छोटा बाण काढा, हा स्पिन. १२ वरचा बाण उजवीकडे, ३ वरचा खाली, ६ वरचा डावीकडे, ९ वरचा वर. झालं, हेच चित्र २००९ साली प्रयोगातून पक्कं झालं.

आता १२ वर बोट ठेवा आणि फोनन बनून इलेक्ट्रॉनला ढकला. १२ वरून १ वर नेलं तर बाण जेमतेम ३० अंश वळलाय, तिथे जायची मुभा जवळजवळ पूर्ण, शंभरात ९३. १२ वरून ३ वर न्यायचं तर दोन बाण काटकोनात येतात, आणि क्वांटम मेकॅनिक्समध्ये काटकोनातले दोन स्पिन एकमेकांना अर्धे ओळखीचे अर्धे परके असतात, म्हणून मुभा निम्मी. ४ वर शंभरात २५, ५ वर ७ पण नाही. आणि ६ वर शून्य. तिथला बाण बरोबर उलटा आहे आणि फोननला तो उलटवता येत नाही, म्हणजे तुमच्या सरांचा नियम.

सगळ्या कोनांची सरासरी काढली तर एकूण धक्के निम्म्यावर येतात. पण रोधाचा हिशोब केला तर अजून मजा आहे, कारण रोधाला १२ वरून १ वर गेल्याचं फारसं काही वाटत नाही, इलेक्ट्रॉन पुढेच चाललाय, त्याला खरा फटका बसतो तो १२ वरून ६ वर गेल्याचा, आणि स्पिनने नेमकी तीच वाट बंद केलीय. त्यामुळे रोधाच्या हिशोबात धक्के चौथा हिस्साच उरतात. अर्थात मी इथे फोनन सगळ्या कोनांना सारखाच जोर लावतो असं धरलंय, खऱ्या क्रिस्टलमध्ये तसं नसतं, पण स्पिनचा एकट्याचा वाटा किती ते ह्यातून दिसतं. हे गणित तुम्ही स्वतः करून बघाच, कोनाची कोसाइन घेऊन दोन ओळींचं इंटिग्रेशन आहे.

प्रश्न : हे सगळं पृष्ठभागावरच का? आतले अणू पण तेच, इलेक्ट्रॉन पण तेच. (ठाण्याहून एक वाचक)

अणू तेच, पण आत प्रत्येक अणूच्या डावीकडे जे आहे तेच उजवीकडे आहे, आणि पृष्ठभागावर तसं नाही, खाली क्रिस्टल आणि वर पोकळी. आतमध्ये ही समानता असल्यामुळे प्रत्येक दिशेला दोन्ही स्पिन सारख्याच ऊर्जेचे असावेच लागतात. पृष्ठभागावर ती समानता मोडते, इलेक्ट्रॉनला पृष्ठभागाला काटकोनात असलेलं विद्युतक्षेत्र जाणवतं, आणि धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला विद्युतक्षेत्र हे थोडंफार चुंबकीय क्षेत्रासारखं वाटतं, त्यामुळे दिशेनुसार एक स्पिन स्वस्त आणि दुसरा महाग होतो. बिचकोव्ह आणि रश्बा ह्यांनी १९८४ मध्ये हे मांडलं, म्हणून ह्याला रश्बा इफेक्ट म्हणतात. अणू जितका जड तितका परिणाम मोठा, म्हणून ह्या विषयात सारखं बिस्मथ (अणुक्रमांक ८३) आणि सोनं (७९) ऐकू येतं. बिस्मथ सेलेनाइडची गोष्ट निव्वळ रश्बापेक्षा पुढची आहे, तिथे आतल्या बँडांची (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांची) उलटापालट झालेली असते आणि त्यामुळे पृष्ठभागावर एकच गोल उरतो.

सोन्यावर दोन गोल असतात, आणि इथेच बरेच लोक चुकतात. ते समजतात की स्पिन दिशेला बांधला गेला की मागे वळणं बंदच. तसं नाही. मघाचा वाटीचा गोल तसाच ठेवून बाहेरून ताटलीचा मोठा गोल काढा आणि त्याच्यावर बाण उलट्या दिशेने काढा. हा झाला सोन्याचा १११ पृष्ठभाग (क्रिस्टल कुठल्या दिशेने कापलाय त्याचा हा आकडा), ज्यातले हे दोन वेगळे गोल १९९६ साली पहिल्यांदा फोटोएमिशनने (प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढून) दिसले, दोघांच्या ऊर्जेत सुमारे ११० मिली इलेक्ट्रॉनव्होल्टचं अंतर. आता बाहेरच्या गोलावर १२ वर बोट ठेवा, बाण डावीकडे. बाहेरच्याच गोलावर ६ ला जाता येत नाही. पण आतल्या गोलावरचा ६ बघा, बाण डावीकडे! तिथे खुशाल जाता येतं. म्हणजे सोन्यावर मागे वळायचा रस्ता उघडा आहे, फक्त गोल बदलून जावं लागतं. म्हणून सोन्याच्या पृष्ठभागावर टनेलिंग मायक्रोस्कोपखाली पायऱ्यांच्या कडेला इलेक्ट्रॉनच्या लाटा छान उमटलेल्या दिसतात, आणि बिस्मथ-अँटिमनीसारख्या टोपोलॉजिकल (बिस्मथ सेलेनाइडच्याच जातीच्या) पृष्ठभागावर ह्या उलट वळणाच्या लाटा गायब असतात, प्रिन्स्टनच्या गटाने २००९ मध्ये ते दाखवलं.

अजून एक. पृष्ठभागावर कपलिंग बदललं की लगेच स्पिनचं नाव घेऊ नका. बेरिलियम घ्या, अणुक्रमांक ४, इतका हलका की स्पिन-ऑर्बिटचा (स्पिनला दिशेशी बांधणाऱ्या परिणामाचा) प्रश्नच नाही. त्याच्या आतमध्ये कपलिंगचा आकडा, ज्याला लॅम्डा म्हणतात, ०.२४ च्या आसपास आहे, आणि पृष्ठभागावर वेगवेगळ्या गटांनी ०.७ पासून १.१८ पर्यंत मोजलाय. तिप्पट ते पाचपट! कारण पृष्ठभागावर फर्मी पातळीजवळ (भरलेल्या जागांची सगळ्यात वरची ऊर्जा) इलेक्ट्रॉनच्या जागाच भरपूर आहेत, आत फार कमी. शिवाय पृष्ठभागावरच्या अणूला वरून धरायला कोणी नाही, तो जास्त डुलतो. ह्यात स्पिनचा काही हात नाही.

प्रश्न : निवृत्त प्राध्यापक आहे, नातवाच्या मदतीने नेटवर शोधलं. बिस्मथ सेलेनाइडच्या पृष्ठभागाचा लॅम्डा एका ठिकाणी ०.०८, दुसरीकडे ०.२५, तिसरीकडे ०.४३. एकाच पदार्थाचे तीन आकडे! कोणाचं खरं मानायचं? (नागपूर)

सर, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत आणि विचारला पाहिजे. तिन्ही आकडे खरोखरच छापलेले आहेत. ०.२५ चा २०११ मधला, डेन्मार्कच्या ऑर्हुस इथल्या गटाचा. ०.०७६, म्हणजे तुमचा ०.०८, हा अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेचा, आणि ०.४३ बोस्टन युनिव्हर्सिटीचा, हे दोन्ही २०१२ मध्ये एकाच जर्नलच्या एकाच खंडात आले.

आधी लॅम्डाचा अर्थ. इलेक्ट्रॉन चालताना आजूबाजूच्या अणूंना थोडं ओढून घेतो आणि ते ओझं घेऊन चालतो, म्हणून त्याचं वस्तुमान १ अधिक लॅम्डा इतक्या पटीने वाढल्यासारखं वाटतं. ०.०८ म्हणजे ८ टक्के जड, ०.४३ म्हणजे ४३ टक्के. पण मोजताना वजन नाही मोजत, पहिल्या दोन प्रयोगांत रेषेची रुंदी मोजतात. अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे, ते कुठल्या कोनात किती ऊर्जेने आले ते बघायचं, ह्याला एआरपीईएस म्हणतात, आणि जी रेषा दिसते ती तापमान वाढवलं की फोननच्या धक्क्यांमुळे रुंद होत जाते. बऱ्यापैकी तापमानाला ही रुंदी २ पाय गुणिले लॅम्डा गुणिले केटी (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान). रूम टेम्परेचरला केटी सुमारे २५ मिली इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे लॅम्डा ०.२५ असेल तर रुंदी साधारण ४०, इलेक्ट्रॉन सरासरी १६ फेमटोसेकंदात धक्का खातो (हजार फेमटोसेकंद म्हणजे एक पिकोसेकंद, आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). लॅम्डा ०.०८ असेल तर रुंदी १३ च्या आसपास. ह्या दोघांतला फरक पकडणं किती नाजूक आहे ते लक्षात घ्या, कारण ह्या रुंदीत डिफेक्टची रुंदी मिसळलेली असते, यंत्राची स्वतःची असते, आणि पृष्ठभाग ताजा किती ह्याचीही असते.

ताजा म्हणजे काय ते सांगतो, मी हे काम केलेलं आहे. बिस्मथ सेलेनाइडचा तुकडा चंदेरी, चकचकीत, नखाएवढा, पाच-पाच अणुथरांच्या पापुद्र्यांचा, एकेक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर. तो सिल्व्हर इपॉक्सीने धारकावर चिकटवायचा, वरून एक छोटी सिरॅमिकची कांडी उभी चिकटवायची, सगळं व्हॅक्यूममध्ये घालायचं, रात्रभर पंप चालू ठेवायचा, आणि मग बाहेरून दांडा सरकवून त्या कांडीला हलकी टिचकी मारायची. कांडी वरचे पापुद्रे घेऊन पडते आणि खाली कधीच हवा न लागलेला पृष्ठभाग उघडा होतो, काचेच्या खिडकीतून तो आरशासारखा चमकताना दिसला की सगळा शीण जातो. पण त्या क्षणापासून घड्याळ सुरू. इतक्या चांगल्या व्हॅक्यूममध्येही उरलेला गॅस हळूहळू बसतो, काही तासांत रेषा ऊर्जेत खाली सरकलेली दिसते, गोल मोठा होतो. सकाळच्या आणि संध्याकाळच्या रुंदीची तुलना करून लॅम्डा काढला तर त्यात तापमानाचा भाग किती आणि म्हातारपणाचा किती, हे वेगळं करायला लागतं.

०.४३ वाल्यांनी रेषेची रुंदी बघितलीच नाही. त्यांनी हेलियमचे अणू पृष्ठभागावर सोडले, ते परत येताना किती ऊर्जा हरवून आले त्यावरून फोननची वक्ररेषा काढली, ती एका ठिकाणी खाली वाकलेली दिसली, आणि त्या वाकण्यावरून एक मॉडेल लावून लॅम्डा काढला. म्हणजे ओझं वाहणाऱ्याला न विचारता ओझ्याला विचारलं. पद्धत उत्तम आहे, फोननबद्दल त्यांनी जे सांगितलं ते दुसरं कोणी सांगू शकलं नसतं, पण फोननपासून इलेक्ट्रॉनच्या लॅम्डापर्यंत यायला मधे मॉडेलचा पूल लागतो. मला विचाराल तर इलेक्ट्रॉनबद्दल बोलायचं असेल तेव्हा मी इलेक्ट्रॉनवरच मोजलेल्या आकड्याला झुकतं माप देतो, म्हणजे कपलिंग कमकुवतच आहे, ०.०८ ते ०.२५ च्या दरम्यान.

आणि कमकुवत आहे ह्याचं सगळं श्रेय स्पिनला देऊ नये, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण लोकप्रिय लेखांत तसं सर्रास देतात. ह्या पदार्थाचा गोल मुळातच छोटा आहे, त्रिज्या साधारण ०.१ प्रति अँगस्ट्रॉम, तर ब्रिल्वाँ झोनची (क्रिस्टलमध्ये मोमेंटमला जेवढं मैदान असतं त्याची) हद्द ०.८ च्या पुढे. छोट्या गोलावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला छोट्याच मोमेंटमचे फोनन चालतात, मोठ्या मोमेंटमचे सगळे फोनन बाद. तेव्हा धक्के कमी होण्यात स्पिनचा निम्म्याचा हिशोब वर दिलाय तेवढाच, बाकीचं काम गोलाच्या आकाराने केलंय.

प्रश्न : हे मोजायची सोय आपल्याकडे आहे का? (जळगाव)

आहे की. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) एआरपीईएसची लॅब आहे, आणि इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर प्रकाश काढणारं यंत्र) ह्यासाठी बीमलाइन आहे. एम.एस्सी. ला असाल तर प्रोजेक्टसाठी लिहून बघा.

प्रश्न : माझा कारखाना बिडाचा, लोखंडाशिवाय दुसरं माहीत नाही. लोखंड चुंबकीय आहे, मग त्याच्या पृष्ठभागावर स्पिनचा आणि ह्या फोननचा संबंध कसा असतो? (कोल्हापूर)

दादा, लोखंडात गोष्ट निराळी आणि माझ्या मते जास्त अवघड. तिथे स्पिन दिशेला बांधलेला नाही, सगळ्या पदार्थानेच एक बाजू घेतलीय. एका स्पिनचे इलेक्ट्रॉन बहुसंख्य, दुसऱ्याचे अल्पसंख्य, दोघांच्या सीटा वेगवेगळ्या ऊर्जेला आणि वेगवेगळ्या संख्येने. त्यामुळे एकच फोनन एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनला सहज ढकलू शकतो आणि दुसऱ्याला नाही. आणि वर लोखंडात मॅग्नॉन असतात, म्हणजे स्पिनच्याच लाटा, फोनन ही अणूंच्या डुलण्याची लाट तशी ही चुंबकाच्या डुलण्याची, आणि हे मॅग्नॉन स्पिन उलटवू शकतात.

दोघांना वेगळं ओळखायचं कसं, तर ऊर्जेवरून. लोखंडातला जोरकसातला जोरकस फोनन ४० मिली इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतच असतो. २००४ मध्ये एका जर्मन गटाने लोखंडाच्या ११० पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनची रेषा बघितली तर तिला वाक सापडला सुमारे १२५ मिली इलेक्ट्रॉनव्होल्टवर. फोननची तिथपर्यंत पोच नाही, म्हणजे तो वाक मॅग्नॉनचा.

ह्याहून सुंदर प्रयोग गॅडोलिनियमवर झालाय. हा धातू साधारण २० अंश सेल्सिअसच्या खाली चुंबक असतो, वर नाही, म्हणजे महाबळेश्वरला डिसेंबरच्या रात्री चुंबक आणि मुंबईत दुपारी साधा धातू. ब्रुकहेवनच्याच गटाने २००२ मध्ये त्याच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनची रेषा दोन स्पिनसाठी वेगवेगळी मोजली. बहुसंख्य स्पिनची रुंदी मुख्यतः फोननमुळे निघाली, अल्पसंख्य स्पिनची मुख्यतः मॅग्नॉनमुळे. कारण तेच, सीटांचं. इलेक्ट्रॉन काढल्यावर जी पोकळी उरते ती भरायला शेजारी त्याच स्पिनचे भरपूर असतील तर फोनन काम भागवतो, अल्पसंख्यांच्या पोकळीला आपल्या स्पिनचे शेजारीच नाहीत, मग दुसऱ्या स्पिनचा बोलवावा लागतो आणि त्याचा स्पिन उलटवायला मॅग्नॉन लागतो. एकाच पृष्ठभागावर, एकाच तापमानाला, दोन स्पिनचं दोन वेगळ्या लाटांशी नातं.

प्रश्न : फोनन स्पिनला कधी म्हणजे कधीच हात लावत नाही का? (सांगलीच्याच विद्यार्थिनीचं दुसरं पत्र)

लावतो. पहिल्या उत्तरात मी नियम सोपा करून सांगितला होता, आता पुरा सांगतो. जड अणूंत स्पिन आणि कक्षा एकमेकांत मिसळलेल्या असतात, त्यामुळे 'वर' म्हणवणाऱ्या अवस्थेत चिमूटभर 'खाली' असतोच. फोननने धक्का मारला की त्या चिमटीतून कधीतरी स्पिन उलटतो. १९५४ मध्ये एलियटने हे मांडलं. तांब्यात साधारण हजार धक्क्यांत एखाद्या वेळी होतं, जड धातूंत पुष्कळ जास्त.

आणि स्पिन उलटला की त्याचा कोनीय संवेग कुठेतरी जायला हवा, तो नष्ट होत नाही. १९१५ मध्ये आइनस्टाइन आणि द हास ह्यांनी दोऱ्याला टांगलेला लोखंडी दंडगोल चुंबकित केला आणि तो स्वतःभोवती फिरला, म्हणजे स्पिनचा हिशोब शेवटी अणूंच्या खात्यात जमा होतो हे तेव्हाच दिसलं होतं (स्पिन हे नाव मात्र अजून दहा वर्षं लांब होतं, १९२५). पण किती वेळात जमा होतो? १९९६ मध्ये स्ट्रासबर्गला निकेलच्या पातळ थरावर लेझरचा अतिशय छोटा झटका दिला तर त्याचं चुंबकत्व एका पिकोसेकंदाच्याही आत घसरलं, आणि मग वीसेक वर्षं वाद चालला की एवढ्या थोड्या वेळात तो कोनीय संवेग गेला कुठे. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टान्झच्या गटाने इलेक्ट्रॉनच्या झोताने निकेल तपासलं तर काहीशे फेमटोसेकंदात अणू मागेपुढे डुलण्याऐवजी गोल गोल फिरायला लागलेले सापडले, म्हणजे कोनीय संवेग घेतलेले फोनन.

त्याच्या आधी, २०१९ मध्ये, झुरिचच्या लोकांनी लोखंडाच्या पातळ फिल्मवर एक्स-रेने जे बघितलं ते तर तुमच्या पृष्ठभागाच्या प्रश्नाला अगदी लागून आहे. फिल्मच्या आतमध्ये प्रत्येक थर शेजारच्याला पिळतो आणि शेजारचा त्याला उलटा पिळतो, सगळं फिटंफाट. पृष्ठभागावरच्या थराला मात्र वरच्या बाजूला शेजारीच नाही, तिथला पीळ फिटत नाही, आणि म्हणून तिथून एक आडवी लाट निघून फिल्मच्या आत शिरते. त्या लाटेवरून त्यांनी हिशोब काढला की स्पिननी गमावलेल्या कोनीय संवेगातला सुमारे ८० टक्के भाग पिकोसेकंदाच्या आतच जालकाकडे गेला होता.